शेपूट आत वळवलेली गाठ

फलटण,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. प्रभाकरमामास,

विनीतचा शि.सा.न.वि.वि. साष्टांग घालायला जागा नाहीये. एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला भाताचं पातेलं. तेव्हा बसल्या बसल्या घातला असं समज.

पहिली गोष्ट, मी जिवंत आहे. आईला तेवढं डोंबिवलीला कळव, नाहीतर ती पोलिसात जाईल. दसऱ्याला लोक सीमोल्लंघन करून संध्याकाळी सोनं वाटायला घरी येतात, माझं जरा लांबलं. साताऱ्याच्या स्टँडवर उत्तमशेठ भेटले. त्यांचा आकाशपाळणा आहे, जत्रेजत्रेला फिरतो. त्यांना वर चढणारा माणूस पाहिजे होता आणि मला वर चढायला आवडतं, झालं काम. पाळणा केवढा म्हणशील तर सोळा डब्यांचा, आणि वरून म्हणे पार डोंगरावरचं देऊळ दिसतं. मला अजून दिसलेलं नाही, पण इथला प्रत्येकजण दिसतं म्हणून सांगतो.

काय सांगत होतो? हां, फोन. पाचव्या दिवशी वर ग्रीस लावत होतो, फोन शर्टाच्या खिशात, वाकलो आणि गेला. यंत्रावर चढताना खिसे रिकामे, हे तू लहानपणापासून सांगत आलास. आठवलं रे, पण फोन खाली पोचल्यावर. आता नवीन घेत नाही. कोणाचे मेसेज नाहीत तर डोकं कसं रिकामं राहतं, मजा येते. तू पत्र लिही. द्वारा उत्तमशेठ पाळणेवाले, पोस्ट म्हसवड. पुढचा मुक्काम तिथेच, पोस्टमास्तर ठेवून घेतात.

मामा, इथे मोठे नट सुटू नयेत म्हणून त्यांना नुसती तार गुंडाळलेली होती, टोकं बाहेर. दोघांचे हात फाटलेले. मी सगळी तार काढली आणि तू शिकवलीस तशी पिळून बांधली, शेपूट आत वळवली. शेठनी विचारलं की हे कॉलेजात शिकवतात काय. मी म्हटलं कॉलेजात मी होतोच कुठे, हे कोपरीच्या बाल्कनीत शिकलो, बारा वर्षांचा असताना, ग्रिलच्या बोल्टांवर. पुढच्या माणसाचा हात फाटू नये म्हणून शेपूट आत, हे तुझं वाक्यही सांगितलं. शेठ म्हणाले, मामा मोठा माणूस दिसतोय.

खंडेनवमीला तू हँगरमध्ये नेलंस तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. पान्यांना हळदकुंकू, शिडीला झेंडू, आणि मध्ये जॅकवर चढवलेलं ते नऊ माणसांचं विमान, पाय लोंबकळत, पोळ्याच्या आदल्या दिवशी धुवायला उभ्या केलेल्या बैलासारखं. पिवळ्या रेघेच्या आत पाय टाकलास तर तंगडी मोडीन म्हणालास, आणि तोरण बांधायला मलाच चढवलंस.

३१ डिसेंबरला तू रिटायर होतोस तेव्हा मी येणार म्हणजे येणार. चौतीस वर्षांत एक डाग नाही, तुला खांद्यावर घेऊन कोपरीत फिरवायचं आहे. मामीला नमस्कार. तिला सांग, तिचं काम केलं.

नट घट्ट तसा लोभ घट्ट असू दे.

तुझा,
विनीत


कोपरी, ठाणे (पूर्व),
४ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत यास,

प्रभाकरमामाचे अ.उ.आ. तुझे पत्र पोचले. तुझ्या आईला कळवले. ती रडली, मग चिडली, मग पाळण्यावर जेवायला काय देतात ते विचार म्हणाली.

माझ्याकडे लिहायला वेळ कुठून, असे तुला वाटेल. सध्या मला वेळच वेळ आहे. मला हँगरच्या कामावरून बाजूला ठेवले आहे. रोज जातो, स्टोअरच्या खोलीत बसतो, जुन्या फायली लावतो. कारण सांगतो.

तू ज्याला बैल म्हणालास, तेच विमान. मोठी सर्व्हिस झाली होती. जॅकवर असताना चाकं वरखाली करून पाहायची चाचणी आम्ही ३० सप्टेंबरला केली, उत्तम झाली. मग नवमी, मग दसरा. ३ ऑक्टोबरला मी शेवटची तपासणी करून सही केली आणि ४ तारखेला विमान गेले. ९ तारखेला एका लहान धावपट्टीवर उतरताना वैमानिकाने चाकं खाली केली. तीन हिरवे दिवे लागायला हवेत, प्रत्येक चाकाचा एक. दोन लागले. पुढच्या चाकाचा लागेना.

त्यांनी पुस्तकाप्रमाणे सगळे केले. टॉवरजवळून अगदी खालून विमान नेले, टॉवर म्हणाला चाक खाली दिसते आहे. पण खाली दिसणे आणि कुलूप बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हातपंप मारून पाहिला. शेवटी उतरले. नाक जेवढा वेळ वर धरता येईल तेवढे धरले, आणि टेकवल्याबरोबर पुढचा पाय दुमडला. विमान नाकावर घसरत गेले. सातजण होते, सातही वाचले. एका बाईंचा हात कोपरात मोडला.

पायाचे कुलूप कसे असते ते तुला कळेल असे सांगतो. आपला हात सरळ ताणला की कोपर किंचित उलट्या बाजूला जाते आणि हात ताठ राहतो. तसेच तिथे दोन दांड्यांचे कोपर असते. ते पूर्ण सरळ झाले की पाय दुमडत नाही आणि दिवा लागतो. बोटभर जरी कमी पडले तरी नाही.

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या आहेत. वयाने माझ्या मुलीसारख्या. पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाल्या की कोण ते मला नंतर सांगा, कसे ते आधी सांगा. मला हे फार आवडले. त्या काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढतात. आधी दिव्याचा बल्ब तपासला, तो चांगला होता. मग तारा, मग तेल, मग एकेक सांधा. मग कागद, कोणत्या कामावर कोणाची सही. माणसं सर्वांत शेवटी, आणि प्रत्येकाला वेगळे बसवून, म्हणजे एकाचे ऐकून दुसऱ्याची आठवण बदलत नाही.

त्या पायाच्या कागदावर सही माझी आहे. मदतीला समीक्षा होती, आमची नवीन टेक्निशियन, दोन वर्षं झाली तिला. तीही मला मामाच म्हणते. पोरगी रोज माझ्याकडे बघते.

मामीला मी एवढेच सांगितले आहे की विमान घसरले, माणसे वाचली. बाजूला ठेवल्याचे सांगितलेले नाही. तू तुझ्या आईलाही सांगू नकोस. आणि पाळण्यावर चढताना पट्टा लाव. मामीचे कसले काम केलेस ते तिला विचारले, तर ती काही नाही म्हणाली.

लोभ आहे, तो तुझ्या वागण्यावर अवलंबून ठेवलेला नाही.

तुझा,
मामा


म्हसवड,
१३ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

शि.सा.न. आज खरंच घातला, मैदान रिकामं आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला तर रागच आला. चौतीस वर्षं ज्याने सही करायच्या आधी पेनसुद्धा पुसून घेतलं त्याला फायली लावायला बसवतात? माझं मत विचारशील तर वैमानिकाने काहीतरी गडबड केली असणार. ही मोठी माणसं कधी चुकत नाहीत, चुकतात ते आपल्यासारखे. उत्तमशेठही तेच म्हणाले. मग म्हणाले, पण तुझ्या मामाला ती बाई आवडली म्हणजे बाई बरोबर असणार. शेठचं डोकं असं दोन्हीकडे चालतं.

इथे रथाची जत्रा आहे या महिन्यात, मैदान आत्तापासून आखून ठेवलंय. आमच्या शेजारी मौत का कुआं लागलाय. त्यात मोटारसायकल चालवणारी एक बाई आहे, तिने एक पोपट पाळलाय, तो गाडी सुरू झाली की डोळे मिटतो. मी तिला विचारलं भीती वाटत नाही का, तर म्हणाली की गाडीची नाही वाटत, फळ्यांची वाटते, कारण फळ्या दुसऱ्याने ठोकलेल्या असतात. हे ऐकून मला तुझी आठवण आली. तू आयुष्यभर दुसऱ्याच्या फळ्या ठोकल्यास ना. तुला विमानात बसलेलं मी एकदाही बघितलेलं नाही.

त्या बाईंचा हात बरा झाला का? मोडला तोही कोपरातच. असल्या गोष्टींवर मी उगाच विचार करत बसतो आणि मग ग्रीस लावायचं राहतं.

मला एक कळलं नाही. जॅकवर चाचणी चांगली झाली, मग आठ-नऊ दिवसांत त्या कोपराला काय झालं? लोखंड काय असं मनाला येईल तसं वागत नाही. मध्ये कोणीतरी काहीतरी केलं असणार. शोधा म्हणावं. सापडला की मला सांग, मी येऊन त्याला वर चढवतो आणि पाळणा चालू करून जेवायला जातो.

तू जेवतोस ना? लोभ ठेव, राग माझ्यावर सोपव.

तुझा,
विनीत


कोपरी,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत यास,

मामाचे आशीर्वाद. मी जेवतो.

हे लिहावे की नाही असा दोन दिवस विचार केला. चौकशीतले बाहेर बोलू नये. तरी तुला लिहितो आहे.

सांध्यात वस्तू सापडली. लाल कापडाची चिंधी, देवाच्या नाड्याचा तुकडा, आणि तपकिरी रंगाचा एक कठीण पदार्थ, अर्धा चिरडलेला. नाडा वरच्या बाजूला दांडीला बांधलेला होता. चाकं दोनचार वेळा वर-खाली होताना तो घसरत खाली आला आणि बरोबर कोपराच्या घडीत अडकला. हाताच्या घडीत खडा ठेवून हात सरळ करून बघ, म्हणजे कळेल.

तो तपकिरी पदार्थ काय, हे तिथे कोणाला कळेना. लाकूड म्हणाले, रबर म्हणाले. बाई दक्षिणेकडच्या, त्यांना संशय आला असावा, पण त्या अंदाज बोलत नाहीत. प्रयोगशाळेत पाठवला. दोन आठवड्यांनी कागद आला की वनस्पतिजन्य कठीण बी. मला फोटो पाहताक्षणी कळले होते. सुपारी. मी काही बोललो नाही.

आता गाठीचे. नाड्याची गाठ तशीच राहिली होती. बाईंनी तिचा मोठा फोटो टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना दाखवला. नाडा आधी पिळलेला, सारखा पीळ, मग गाठ, आणि दोन्ही टोकं आत वळवून दाबलेली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले की ही भटजीची किंवा भाविकाची गाठ नाही, ही तार बांधणाऱ्या कारागिराची गाठ आहे. बरोबर म्हणाले. असा हात आमच्या हँगरमध्ये दोघांचा आहे. माझा, आणि मी शिकवले म्हणून समीक्षाचा.

समीक्षा बौद्ध आहे. ती म्हणाली की माझ्या घरात नाडा नाही आणि सुपारी नाही, मी कशाला बांधू. खरे बोलली, पण समितीला एवढे पुरत नाही. तिची सगळी नोकरी पुढे आहे.

मला १० डिसेंबरपर्यंत लेखी जबाब द्यायचा आहे. मी ठरवले आहे. गाठ मी बांधली असे लिहून देणार. एकवीस दिवस उरले असते, तेवढे जातील. निरोपाचा समारंभ होणार नाही, मला तशीही भाषणे ऐकवत नाहीत. सहीवर डाग लागेल, तो लागेल.

तुला हे अशासाठी लिहिले की तू कारण विचारले होतेस. बाकी काही विचारायचे नाही. तू मन लावून काम कर, पट्टा लाव.

आशीर्वाद आहेत. ते मागे घेता येत नाहीत, तशी सोय नाही.

मामा


कोपरी,
२३ नोव्हेंबर

चि. विनीत,

मामीचे पोटभर आशीर्वाद. हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. वाण्याच्या पोराकडून पोस्टात टाकतेय, तेव्हा उत्तर लिहिलंस तर शेजारच्या मेघनाच्या पत्त्यावर लिही.

अरे, नवमीला मी तुझ्याकडे ती लाल फडक्यातली सुपारी दिली होती, टिटवाळ्याच्या गणपतीपुढे ठेवून आणलेली, ती तू विमानाला बांधलीस ना नक्की? काम केलं असं तू लिहिलंयस म्हणून जीव भांड्यात पडला. ह्यांना सांगून उपयोग नाही, ह्यांचा देव म्हणजे पाना. म्हणून तर तुला म्हटलं होतं की त्यांच्या हातातल्या शेवटच्या मोठ्या कामाला बांध, आणि दिसणार नाही अशा जागी बांध, नाहीतर हे कात्री लावतील.

बघ, नाकावर घसरलं म्हणे विमान, आणि सातच्या सात माणसं वाचली. कोणामुळे? मी त्या दिवसापासून रोज दूर्वा वाहतेय. हे म्हणतात वैमानिक हुशार होता. असेल बाई. पण हुशारी द्यायला कोणी नको का?

एकच काळजी आहे. हे हल्ली जेवत नाहीत. भाजीला मीठ नव्हतं तरी परवा काही बोलले नाहीत, असं लग्नापासून झालेलं नाही. खोदून विचारलं तर गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा तर दिवाळीच्या आधीपासूनच दुखतोय. रिटायर व्हायचं मनाला लागलं असेल.

आणि ती सुपारी परत आणावी लागेल रे. नोकरी निष्कलंक पार पडली की ती देवाला परत करीन असा नवस आहे. तू कुठे बांधलीस ते मला कळव, म्हणजे ३१ तारखेनंतर ह्यांनाच गोडीत सांगते काढून आणायला.

थंडीचं कानाला बांध. माया आहेच, फक्त तू डोळ्यासमोर नसतोस.

तुझी,
विमलमामी


म्हसवड,
३० नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार. आज नुसता नमस्कार.

तुझं आणि मामीचं पत्र एकाच दिवशी मिळालं. पोस्टमास्तर म्हणाले, लाडका दिसतोस घरचा. मी दोन्ही पत्रं पाळण्याच्या खाली बसून वाचली आणि मग वर चढलो नाही. शेठना सांगितलं पोट दुखतंय.

मामा, गाठ माझी आहे. तुला माहिती आहे. तू फोटो बघितलास तेव्हाच तुला माहिती झालं. दोघांचा हात आहे असं तू लिहिलंस, तिसरा तू मोजला नाहीस. बाकी काही विचारायचे नाही असं लिहिलंस त्याच्याच खाली पट्टा लाव लिहिलंस. मी इतका पण बिनडोक नाही रे.

कसं झालं ते सांगतो, तुमच्या बाईंना कसं ते आधी पाहिजे ना. तू नारळ आणायला ऑफिसकडे गेलेलास. बाकी सगळे पेढ्यांच्या टेबलाकडे होते. मी तोरण बांधून उतरलो आणि रेघ ओलांडून आत गेलो. मामीने सुपारी दिलेली, दिसणार नाही अशा जागी बांध म्हणून. मी पुढच्या चाकाच्या खोबणीत डोकं घातलं. आत एवढं सुंदर होतं सगळं, प्रत्येक नळी आपापल्या जागी, जसं कोणाच्या घरात आपण गुपचूप शिरलोय. वर हात घातला, एक दांडी लागली, तिला बांधली. आधी नुसतीच गाठ मारलेली. मग मला वाटलं मामाचं विमान आहे, गचाळ काम नको. सोडून परत पिळून बांधली. टोकं आत वळवली, पुढच्या माणसाचा हात फाटू नये म्हणून. मामा, पुढच्या बाईचा हातच मोडला.

मामीला काही बोलू नकोस. तिने देवाची वस्तू दिली. देवाची वस्तू कुठे ठेवायची नाही हे तिला कसं कळणार, मला कळायला पाहिजे होतं. पिवळी रेघ तिला नाही सांगितलेलीस, मला सांगितलेलीस.

शेठच्या फोनवरून तुला दोनदा फोन लावला. तू हॅलो म्हणालास आणि मी ठेवला. हे तोंडाने येत नाही.

आता ऐक. तू जबाबावर सही करायची नाही. तू खोटं लिहिलंस तर त्या बाईंना चुकीचं कारण सापडेल. त्या लिहितील की एका म्हाताऱ्या कारागिराने बांधली, तो रिटायर झाला, विषय संपला. आणि पुढच्या नवमीला परत कोणाची तरी मामी कोणाच्या तरी हातात सुपारी देईल. मी ८ तारखेला येतोय. शेठनी चार दिवस दिलेत, पुसेगावची जत्रा लागायच्या आत परत ये म्हणाले. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला चहा पाजला. मला वाटलेलं हाकलतील.

एकच डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो, रागावू नकोस. तू सही करायच्या आधी लांब दांडीचा आरसा आणि टॉर्च घेऊन आडवा होतोस आणि आत सगळीकडे बघतोस, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. लाल फडकं होतं, मामा. मग तुला दिसलं कसं नाही?

येतोय.
विनीत


कोपरी,
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

चि. विनीत यास,

मामाचे अ.उ.आ. सोबत तिळगूळ आहे. मामीने बांधून दिला, गाठ तिची आहे, टोकं बाहेर. मी तशीच ठेवली.

दोनदा आलेला फोन तुझाच, हे मला तेव्हाच कळले होते. मागे जनरेटर ऐकू येत होता. मी दिवसभर फोन जवळ ठेवला, तिसऱ्यांदा आला नाही.

तू ८ तारखेला घरी आलास, ९ ला जबाब दिलास आणि त्याच संध्याकाळी साताऱ्याची गाडी पकडलीस. पत्रातला शेवटचा प्रश्न तू घरात पुन्हा विचारला नाहीस, मीही काढला नाही. आपण क्रिकेटवर बोललो. तुझ्यानंतर दुसऱ्या दिवशी मला बसवले. आत काय झाले ते तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

खिशात लिहून नेलेला जबाब होता, गाठ माझी म्हणणारा. तो काढला नाही. बाईंनी पाणी दिले आणि म्हणाल्या की तुमच्या भाच्याने सगळे सांगितले, आता तुमच्या दिवसाचे सांगा, सकाळपासून. मी सांगत गेलो. ३ तारीख, सकाळची पाळी, विमान जॅकवरून उतरवलेले, मालकांकडून तीन वेळा विचारणा. समीक्षा दुसऱ्या बाजूला. मी पुढच्या चाकाशी आलो. आरसा हातात होता. टॉर्च हातात होता. खाली आडवे व्हायचे म्हणजे आधी गुडघा टेकवायचा. गुडघा टेकेना. मी वाकलो, जेवढे दिसले तेवढे पाहिले. समीक्षाला हाक मारता आली असती. ती मी मारली नाही, कारण मग तिला कळले असते की मामांना आता वाकता येत नाही. चाचणी चांगली झालेली आहे, दोन दिवस सुट्टी होती, कोण काय करणार आहे, असे म्हणून मी सही केली. चौतीस वर्षांत एकदा.

विनीत, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. गाठ मी बांधली असे म्हणायला तयार झालो, तेव्हा मला वाटले मी तुला आणि समीक्षाला वाचवतो आहे. ते खरेही होते. पण गाठ बांधली म्हणणाऱ्याला, का बांधली, एवढेच विचारतात. पाहिले होते का, असे कोणी विचारत नाही. तुझ्या पत्रात तो प्रश्न वाचला, आणि पत्र घडी करून न्हाणीघरातल्या टाकीवर ठेवले. चार दिवस आंघोळीला गेलो की ते दिसत होते.

बाईंनी सगळे लिहून घेतले. मग त्यांनी विचारले की हँगरमध्ये वाकता न येणाऱ्या माणसाने कोणाला सांगायचे, अशी काही पद्धत आहे का. मी म्हणालो नाही. त्यांनी तेही लिहून घेतले, आणि मला दिसले की त्याच्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

माझा सहीचा अधिकार काढून घेतला. शेवटचे तीन आठवडे मी स्टोअरच्या कागदावरही सही केली नाही. ३१ तारखेला समारंभ झाला, छोटा. मालक आले नाहीत. समीक्षा बोलायला उभी राहिली आणि म्हणाली की मामांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, पहिली शेपूट आत वळवायची, आणि दुसरी १० डिसेंबरला. कोणाला कळले नाही, मला कळले, कारण त्या दिवशी बाहेर येऊन मी तिला गुडघ्याचे सांगितले होते. मला भाषणे ऐकवत नाहीत असे मी लिहिले होते. हे ऐकवले.

कंपनीचा अहवाल आला आहे, सरकारचा यायला वर्ष लागेल. त्यात कोणाचेही नाव नाही. मी व्यक्ती अ आहे, तू व्यक्ती क आहेस. मामी अहवालात नाही, तिच्याऐवजी एक कुटुंबीय असा शब्द आहे. नवीन नियम आले आहेत. पूजा यापुढे हँगरच्या दाराबाहेर, मांडवात. हत्यारे बाहेर आणायची, पूजा करायची, पुसून आत न्यायची. आणि पूजेचे साहित्यही हत्यारांसारखे मोजून घ्यायचे आणि मोजून परत करायचे. झेंडू किती, नारळ किती, सुपाऱ्या किती, खाली सही. तपासणीला दोघे, आणि ज्याला वाकता येत नसेल त्याने सांगितले तर त्याचे काम बदलायचे, पगार बदलायचा नाही.

मामीला मीच सांगितले, सगळे. मग उठून तिने डब्यातल्या सुपाऱ्या मोजल्या, का ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले की ती अर्धी सुपारी परत मिळेल का, नवसाची आहे. मी बाईंना विचारले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की ती पिशवीत क्रमांक घालून ठेवली आहे, अंतिम अहवाल झाला की अर्ज करा. मामीने अर्ज लिहून ठेवला आहे. नवस नोकरी निष्कलंक पार पडावी असा होता, तेव्हा फेडायचा की नाही यावर आमचे रोज भांडण होते. ती म्हणते डाग लागला आणि तुम्ही दाखवलात, म्हणजे निष्कलंकच. मी आता वाद घालत नाही.

ज्या बाईंचा हात मोडला त्यांना मी पत्र लिहिले आहे. चौकशीच्या बाईंमार्फत पाठवले. उत्तर आलेले नाही. न आले तरी तो त्यांचा अधिकार.

तिळगुळाच्या डब्याखाली कापडात माझा आरसा आहे. कंपनीचा नव्हे, मी पहिल्या पगारातून घेतलेला. दांडी थोडी वाकली आहे, सरळ करू नकोस, त्या वाकण्यामुळेच तो आतपर्यंत जातो. तुझे गुडघे अजून चांगले आहेत.

लोभ आहे. आता त्यात लपवलेले काही नाही.

तुझा,
प्रभाकरमामा


सोलापूर, गड्ड्याचं मैदान,
२७ जानेवारी २०२६

ती. मामा आणि मामी, दोघांनाही,

शि.सा.न.वि.वि. साष्टांग घातला, कारण आडवा होतोच.

आरसा मिळाला. तिळगूळ वाटेतच मऊ झालेला, मौत का कुआंवाल्या बाईच्या पोपटाला दिला, त्याने डोळे मिटून खाल्ला. आज सकाळी पाळणा लावून झाला आणि मी म्हटलं बघू तरी. मधल्या मोठ्या तुंब्याच्या मागे, जिथे सोळाच्या सोळा दांड्या येऊन मिळतात, तिथे आजपर्यंत कोणी बघितलेलं नाही कारण डोकंच जात नाही. मी पाठीवर झोपलो, टॉर्च तोंडात धरला, आरसा आत घातला. आधी माझंच नाक दिसलं. मग जरा वळवला.

आत एक काळा दोरा होता, मामा. पार बेअरिंगला घासत होता, अर्धा झिजलेला.

मी शेठना हाक मारली. शेठ लाल झाले. म्हणाले तो त्यांच्या वडिलांनी बांधलाय, बत्तीस वर्षं पाळणा पडला नाही तो त्याच्याचमुळे, आणि कालच्या पोराने शहाणपणा शिकवू नये. मी म्हटलं, शेठ, मी शहाणा नाही, मी व्यक्ती क आहे. त्यांना काही कळलं नाही. मग मी त्यांना तिथेच बाजूला झोपवलं आणि आरसा त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा म्हणाले की नमस्कार करून काढ.

मी नमस्कार केला आणि काढला. आता तिकिटाच्या खिडकीवर टांगलाय, तिथे काही फिरत नाही. मोजून लिहून ठेवलंय, खाली दोघांच्या सह्या आहेत: काळा दोरा एक, लिंबू एक सुकलेलं, मिरच्या सात, बिब्बा एक. आत शून्य.

पाळणा चार वाजता सुरू झाला. पहिल्या फेरीला मी खाली उभा राहिलो नाही, डब्यात बसलो. वरून डोंगर बिंगर काही दिसलं नाही.

लोभ आहेच, तो मोजायचा नाही.

तुमचा,
विनीत

ता.क. मामी, दोरा मी बांधला तो गाठीने नाही, खिळ्याला नुसता अडकवलाय. हाताला येईल असा.